मुलगी दूध पीत नाही. तिची हाडे कमकुवत राहतील का?

आपली 11 वर्षांची मुलगी दुधाला तोंड लावत नाही, शाळा आणि शिकवणीतच तिचा दिवस संपतो, तेव्हा कॅल्शियमच्या गोळ्या सुरू कराव्यात का, असे आपण विचारले आहे. मी डॉक्टर नाही. खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत शिक्षक आहे. या विषयाचा मागोवा मी घेऊ लागलो तो माझ्याच घरातील एका प्रसंगामुळे.

माझा मुलगा तेराव्या वर्षी पावसाळ्यात अंगणातील शेवाळावरून घसरला. पडणे अगदी साधे होते, तरी मनगटाजवळचे हाड मोडले. प्लास्टर घालणाऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा. आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केलेल्या आहेत. दोन गणेशचतुर्थींच्या दरम्यान तो चार बोटे वाढला होता. मुले झपाट्याने वाढतात तेव्हा हाड आधी लांब होते आणि त्यात खनिजे भरण्याचे काम मागून होते, म्हणून या काळात मनगटे सहज मोडतात, असे त्यांनी समजावले.

प्रौढपणीच्या हाडांचा सुमारे चौथा हिस्सा या झपाट्याच्या आसपासच्या दोन वर्षांत तयार होतो, आणि मुलींमध्ये हा काळ मुलांपेक्षा लवकर, साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास येतो. आपली मुलगी नेमकी त्याच उंबरठ्यावर आहे. हाडांचा बराचसा भाग आनुवंशिकतेने ठरतो, हे खरे. परंतु उरलेला भाग आपल्या हाती आहे आणि तो थोडा नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 10 ते 12 वर्षांच्या मुलांना रोज 850 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. शंभर मिलिलीटर दुधात ते सुमारे 120 मिलिग्रॅम असते, तर शंभर ग्रॅम नाचणीच्या पिठात साधारण 350. म्हणजे दोन नाचणीच्या भाकऱ्या, दोन वाट्या दही, भाजीवर तिळाचे कूट आणि आठवड्यातून दोनदा शेवग्याच्या पाल्याची भाजी एवढ्यावर दुधावाचूनही बरीच मजल मारता येते. नाचणीतील फायटेट या कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या घटकामुळे सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही, म्हणून मोड आणून केलेले सत्त्व किंवा आंबवलेली आंबील अधिक चांगली. आमच्या शाळेत क्षीरभाग्य या कर्नाटक सरकारच्या शालेय योजनेचे दूध नाकारणारी मुले घरी ताक मात्र आवडीने पितात, हे मी पाहतो. डाळी, अंडी यांतून प्रथिनेही पोटात जायला हवीत, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचाच असतो आणि खनिजे त्यावर बसतात.

मात्र कॅल्शियम आतड्यात शोषले जाण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः उन्हातून मिळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, आणि उरलेल्या महिन्यांत मुले सकाळी वर्गात शिरतात ती ऊन कलल्यावरच बाहेर पडतात. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन या कामी उपयोगाचे नाही. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या आधी हातपाय उघडे ठेवून तिला अर्धा तास अंगणात खेळू द्यावे. खेळ धावण्या-उड्यांचा असावा, कारण हाडाला बसणाऱ्या छोट्या धक्क्यांनीच ते घट्ट होते. खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या हे या बाबतीत पोहण्यापेक्षा सरस आहेत.

गोळ्या स्वतःहून सुरू करू नयेत. ड जीवनसत्त्वाचा अतिरेक मूत्रपिंडांना घातक ठरतो. पाय वाकलेले दिसणे, मनगटे रुंद होणे, सतत हाडे दुखणे किंवा साध्या पडण्याने पुन्हा पुन्हा हाड मोडणे, यांपैकी काहीही आढळल्यास बालरोगतज्ज्ञांकडे नेऊन रक्तातील ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे आणि मात्रा त्यांनाच ठरवू द्यावी.