कोन फिल्टर बसवू का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझी १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. मुंबईहून येताना चौघं बसलेले आणि एसी चालू असला की कसारा घाटात गाडी ओढत नाही. अॅक्सेसरीजच्या दुकानात म्हणाले, कंपनीचा एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा बंद डबा, काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) टाका. दहा-पंधरा हॉर्सपॉवर वाढेल, अॅव्हरेजही सुधारेल. बसवू का?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : नका बसवू. एअर बॉक्स काढून तर मुळीच नका. नाशिकमध्ये अंबडला माझ्या गॅरेजमध्ये हाच प्रश्न घेऊन मुलं सारखी येतात, आणि बऱ्याचदा तो लाल चकचकीत फिल्टर विकत घेऊन झालेला असतो. म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी हिशेब. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरून घेतं. म्हणजे १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला फार तर ३६०० लिटर हवा ओढेल, प्रत्यक्षात त्याहून कमीच. कंपनीचा कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर एवढी हवा तो आरामात देतो. आणि ६००० ला आपण गाडी चालवतो तरी कधी? गंगापूर रोडवर अर्धवट रेस दिलेली असते तेव्हा हवा अडते ती थ्रॉटलच्या, म्हणजे रेस दिली की उघडणाऱ्या, झडपेपाशी. फिल्टर कितीही मोकळा लावा, झडप तेवढीच उघडी राहणार. म्हणून अॅव्हरेजची आशा सोडा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम चोंदवून तपासले होते. अॅव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पूर्ण रेस दिल्यावरचा पिकअप मात्र मंदावला.

खरी गोम पुढे आहे. बॉनेट उघडून एअर बॉक्सचं तोंड कुठे जातं ते बघा. बहुतेक गाड्यांत ते पुढच्या जाळीमागे, रेडिएटरच्या वरच्या कडेला असतं, कारण कंपनीला बाहेरची गार हवा हवी असते. बॉक्स काढून उघडा कोन बसवला की तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढू लागतो. मे महिन्यात द्वारका चौकात अडकलेल्या अशा गाडीला स्कॅनर लावला, तर आत जाणाऱ्या हवेचं तापमान साठीच्या पुढे दिसतं. बाहेरची ४० अंशांची हवा सोडून ६५ अंशांची घेतली, तर तेवढ्याच जागेत सुमारे ७ टक्के हवा कमी मावते. हवा कमी, तितकी ताकद कमी. त्यात गरम हवेने इंजिन नॉक होऊ नये (पेट्रोल अवेळी पेटून ठोके येऊ नयेत) म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, स्पार्क उशिरा देतो, की ताकद आणखी उतरली. वाढतो तो फक्त आवाज. एअर बॉक्सच्या पाइपला एक रिकामी डबी चिकटलेली असते, जी बिनकामाची समजून फेकून देतात, ती हा आवाज मारायलाच असते. आवाज मोठा झाला की गाडी पळाल्यासारखी वाटते आणि पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

मग घाटाचं काय? नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. घाट चढून वर येईपर्यंत हवा ५-६ टक्के विरळ झालेली असते. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनाला हे जाणवणारच, त्यात चौघं आणि एसी. तिसऱ्या गिअरमध्ये रडवत बसू नका. दुसरा टाका आणि आरपीएम साडेतीन हजारांच्या खाली येऊ देऊ नका. इंजिनाला त्याने काही होत नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर कंपनीचा नवा फिल्टर घ्या. तो बदलताना बॉक्समधून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपचा क्लॅम्प सोडून आतून पांढरा रुमाल फिरवा. रुमाल स्वच्छ आला पाहिजे. तांबूस पिठासारखी धूळ लागली तर फिल्टरची रबरी कड नीट बसलेली नाही किंवा रबर पाइपला चीर आहे. हे दुरुस्त करण्याचा फायदा कुठल्याही कोन फिल्टरपेक्षा मोठा आहे.

प्रश्न : द्राक्षबागेत डिझेल पिकअप चालते. ड्रायव्हर दर आठवड्याला एअर फिल्टर कॉम्प्रेसरने मारतो, कधी पाण्याने धुतो. तरी चढाला काळा धूर येतो.
– एक बागायतदार, पिंपळगाव बसवंत

उत्तर : पाणी ताबडतोब बंद करा. कागद एकदा भिजला की त्याच्या घड्या बसतात आणि छिद्रं मोठी होतात. जोरात हवा मारली तरी कागद विरतो. मारायचीच तर कमी प्रेशरने, आतून बाहेर, आणि क्वचित. थोडा वापरलेला फिल्टर नव्यापेक्षा धूळ चांगली अडवतो, त्यामुळे दर आठवड्याला उघडून फायदा नाही. उलट प्रत्येक उघडझापीत चिमूटभर धूळ आत पडते. बागेच्या कच्च्या रस्त्यावरची बारीक धूळ पिस्टन रिंगा आणि सिलिंडर घासते, टर्बोची पातीही खाते. चांगलं इंजिन असं धुळीने संपताना मला बघवत नाही. मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी फिल्टर बदलायची वेगळी, लवकरची मुदत दिलेली असते, ती पाळा. नवा फिल्टर घालूनही धूर राहिला तर टर्बोचे होज आणि इंजेक्टर तपासून घ्या.

प्रश्न : फिल्टर बंपरच्या मागे, फॉग लॅम्पजवळ नेणारा लांब पाइप मिळतो. त्याने तरी गार हवा मिळेल ना?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : गार हवा मिळेल, पण तुम्ही पंचवटीत राहता. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघणारी आपण माणसं, आणि सराफ बाजारात पाणी शिरलं की गाड्या त्यातूनच काढतो. फिल्टर बंपरमागे खाली नेला, तर गुडघाभर पाण्यातही तो बुडेल आणि इंजिन हवेऐवजी पाणी ओढेल. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. खर्च पूर्ण इंजिन उघडण्याचा. तोंड वरच ठेवा. आणि कोणाचीही गाडी पाण्यात बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. ढकलून बाहेर काढा, आधी एअर बॉक्स उघडून फिल्टर ओला आहे का बघा, आणि ओला असेल तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या.