बारा-एकसष्ट खत बंद ठेवायची तयारी आहे का?

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचं पत्र आलंय. लेक बी.एस्सी. ॲग्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि तिला जमिनीची सुपीकता, पीक पोषण यातच संशोधन करायचंय. मामा म्हणतात एमपीएससी दे. चुलते म्हणतात, डिग्री हातात आली की कृषी सेवा केंद्राचं लायसन्स काढू. वडील विचारतात, "संशोधनात पोट भरतं का? आणि मातीत शोधण्यासारखं उरलंय तरी काय? माती दिली की लॅबवाले रिपोर्ट देतातच."

भाऊ, आधी दुसरा प्रश्न घेतो. लॅबच्या रिपोर्टात स्फुरदाचा (फॉस्फरसचा) जो आकडा येतो, तो जमिनीतला सगळा स्फुरद नसतो. एका ठरावीक द्रावणात जेवढा सुटून आला, तेवढाच तो. आपल्याकडच्या चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास असलेल्या जमिनीला ओल्सेनची पद्धत लागते, कोकणातल्या आम्ल जमिनीला ब्रेची. पद्धत चुकली की आकडाही चुकला. बरं, आकडा बरोबर आला तरी तो 'कमी' की 'भरपूर' हे कोण सांगणार? त्यासाठी कुणीतरी शेतात खत देऊन आणि न देऊन उत्पन्न मोजलेलं असावं लागतं. माती परीक्षणाची पिकाच्या प्रतिसादाशी सांगड घालणारा अखिल भारतीय प्रकल्प १९६७ पासून चालू आहे, त्याचं एक केंद्र तुमच्या जवळ राहुरीलाच आहे. अकोल्याच्या विद्यापीठात १९८८ पासून त्याच जमिनीच्या तुकड्यांवर ज्वारी-गहू घेतले जातात. काहींना शिफारशीइतकं खत, काहींना शेणखताची जोड, काहींना काहीच नाही. ही कामं एका माणसाच्या नोकरीत संपत नाहीत. उरलंय काय म्हणाल, तर पुष्कळ उरलंय.

द्राक्षात तर घोळ आणखी मोठा. वेल खोडात-मुळांत अन्न साठवून ठेवते, त्यामुळे यंदा खत तोडलं तरी यंदाच फरक दिसेल याची खात्री नाही. म्हणून नुसत्या मातीवर न थांबता देठ तपासतात. खरड छाटणीनंतर, म्हणजे हंगाम संपल्यावरच्या छाटणीनंतर, साधारण ४५ दिवसांनी, काडीवरच्या बुडाकडून पाचव्या पानाचा देठ. फळ छाटणीनंतर फुलोऱ्यात, घडासमोरच्या पानाचा. पान तोडल्या तोडल्या देठ वेगळा करायचा. तुमच्या लेकीला हे माहीत असेल. नसेल तर काळजी करा!

आता खरी गोष्ट. नाशिकमध्ये द्राक्षाचा सल्लागार व्हायला संशोधक असावं लागत नाही. प्लॉटवर यायचं, पान उलटून बघायचं, "बारा-एकसष्ट सोडा, मग झिरो-बावन्न-चौतीस" असं सांगायचं (दोन्ही ठिबकातून सोडायची स्फुरदाची खतं) आणि फी घ्यायची. त्यात पैसा आहे, मानही आहे, वाईट काही नाही. संशोधकाला मात्र "सोडलं नसतं तर काय झालं असतं?" हे दाखवून द्यावं लागतं. तिला यातलं कोणतं काम आवडतं हे पत्रावरून मला कळत नाही, आणि बहुधा तिलाही अजून नीट कळलेलं नसेल.

ते घरच्या बागेतच कळेल. वर्षानुवर्षं स्फुरद दिलेल्या बागांत तो जमिनीत साठून राहतो, फार झाला तर जस्त-लोहाच्या वाटेत येतो. एका प्लॉटमधल्या सहा ओळी घ्या. चिठ्ठ्या टाकून त्यातल्या तीन ओळींचा स्फुरद वर्षभर बंद, बाकी सगळं सारखं. खत सोडताना त्या तीन लॅटरलचे, म्हणजे ओळीतल्या ठिबक नळ्यांचे, कॉक बंद ठेवायचे, नंतर तेवढंच साधं पाणी द्यायचं आणि त्यांचा नत्र-पालाश वेगळा द्यायचा. आधी माती, मग दोन वेळा देठ, शेवटी घड मोजून वजन. ओळी तिनं स्वतःच्या आवडीनं निवडायच्या नाहीत. चांगल्या ओळीला खत द्यावंसं वाटतंच. शेवटी कदाचित काहीच फरक दिसणार नाही. 'फरक नाही' हे लिहिताना तिचा चेहरा पडला, तर सल्लागारी बरी. "का नाही? अजून एक वर्ष बघू" म्हणाली, तर एम.एस्सी.चा फॉर्म भरा. आणि भाऊ, ही परीक्षा निम्मी तुमचीही आहे. शेजारची बाग हिरवीगार दिसली की रात्री गुपचूप कॉक उघडायचा नाही.

फॉर्म भरताना विषय जपून निवडा. कृषिविद्येत पिकाचं सगळंच व्यवस्थापन येतं. तिला खत आणि मातीच हवी असेल तर 'मृद विज्ञान व कृषी रसायनशास्त्र' घ्यावं. प्रयोगशाळेत बराच वेळ जातो याची तयारी हवी. राज्यातल्या चार कृषी विद्यापीठांसाठी राज्याची सीईटी, दिल्लीच्या पुसा संस्थेसारख्या ठिकाणांसाठी देशपातळीवरची आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) परीक्षा. दोन्ही द्याव्यात.

पोटाचं म्हणाल तर सरळ सांगतो. एम.एस्सी.ची दोन वर्षं, पीएच.डी.ची किमान तीन, आणि त्या काळात हातात पडते ती फेलोशिप किंवा प्रकल्पावरचं ठरावीक मानधन. आयसीएआरमध्ये वैज्ञानिक झाली तर पगार चांगला. भोपाळची मृद विज्ञान संस्था, नागपूरचा मृद सर्वेक्षण ब्युरो, मांजरीचं द्राक्ष केंद्र ही तिच्या कामाची ठिकाणं. पण वैज्ञानिक भरतीची परीक्षा अवघड आहे. राज्याच्या विद्यापीठांत जागा रिकाम्या असल्या तरी भरती रखडते, त्या भरवशावर राहू नका. खत कंपन्यांतही काम आहे. मात्र मुलाखतीत एवढंच विचारायला सांगा: "विक्रीचं टार्गेट आहे का?" असेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, ते संशोधन नव्हे.

एमपीएससी आणि एम.एस्सी. एकदमच करू, असा मधला मार्ग काढू नका. अभ्यासिकेत बसून प्लॉटवरची मापं राहून जातात. आणि दुकानाची चुलत्यांनी घाई करू नये. लायसन्सला लागणारी डिग्री पाच वर्षांनीही चालते. खरड छाटणी एप्रिलात, माती त्याआधी काढायला हवी. तेव्हा कोणत्या सहा ओळी ते मार्चमध्येच ठरवा.