बटणाच्या साध्या फोनवर सगळे व्यवहार निभतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला तालुक्याच्या गावी, घरी संगणक आणि इंटरनेट आहे, थोडी शेती आहे. स्मार्टफोन कायमचा बाजूला ठेवून बटणाचा फोन वापरायचा आहे. बँक, गॅस, रेल्वे, सात-बारा यांत काय अडेल?

निभतं. मात्र स्मार्टफोन नसल्याने जितकं अडतं त्याच्या कितीतरी पट नोंदवलेला नंबर बंद पडल्याने अडतं. ओटीपी एसएमएसने येतो आणि एसएमएस कुठल्याही फोनवर येतो. म्हणून पहिला महिना फोन बदलण्यात घालवू नका, नंबर एकसारखा करण्यात घालवा. बँक, आधार, गॅस, महावितरण, पीएफ किंवा पेन्शन या सगळीकडे एकच, तुमच्या नावावरचा, चालू नंबर हवा. आधारला जुना किंवा मुलाचा नंबर जोडलेला असेल तर आधार केंद्रात जाऊन तो आधी बदला, कारण पुढची निम्मी कामं त्याच ओटीपीवर चालतात.

स्मार्टफोन बंद करण्याआधीची कामं त्यावरच उरकायची असतात. यूपीआय ॲपमधून खातं काढून टाका (नुसतं ॲप पुसून उपयोग नाही, आत जाऊन नोंदणी रद्द करा). गूगलच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी असेल तर 'फोनवर होय दाबा' ही पद्धत बदलून एसएमएसवर आणा, आणि तिथेच मिळणारे आठ अंकी राखीव कोड कागदावर छापून कपाटात ठेवा. हे राहून गेलं तर स्वतःच्याच ईमेलबाहेर अडकायची वेळ येते. बँकेत जाऊन एकच प्रश्न विचारा: संगणकावरच्या नेट बँकिंगमध्ये व्यवहार एसएमएस ओटीपीने मंजूर होतो, की मंजुरीसाठी तुमचं ॲपच लागतं? उत्तर 'ॲप' असेल तर रोजचं खातं दुसऱ्या बँकेत असलेलं बरं.

आता फोन. दुकानात बटणाचे फोन एकसारखे दिसतात, पण त्यात दोन जाती आहेत: फक्त टूजी आणि फोरजी. जिओचं टूजी जाळंच नाही, त्यामुळे टूजी फोनमध्ये जिओचं सिम मुळीच चालत नाही. एअरटेल आणि व्हीआयचं टूजी चालू आहे. तरीही पैसे थोडे जास्त गेले तरी फोरजी, व्हीओएलटीई (फोरजी जाळ्यावरूनच कॉल करण्याची सोय) असलेला फोन घ्या. आवाज स्वच्छ येतो आणि पुढे टूजी आटलं तरी फोन फुकट जात नाही. जिओभारतसारख्या स्वस्त फोनमध्ये यूपीआयची सोय असते, पण त्यात दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

दुकानातच तीन गोष्टी तपासा. एक, दुसऱ्या फोनवरून मराठीत एसएमएस पाठवून बघा; कित्येक स्वस्त फोनवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात आणि मग सरकारी संदेश वाचता येत नाहीत. दोन, सिमचा खाचा. स्मार्टफोनमधलं नॅनो सिम मोठ्या खाच्यात बसवायला प्लास्टिकची चौकट लागते, आणि चौकटीतून सिम सुटलं की आतल्या पिना वाकतात. त्यापेक्षा कंपनीच्या दुकानातून योग्य मापाचं सिम बदलून घ्या. तीन, संदेश साठवण्याची मर्यादा. साध्या फोनचा इनबॉक्स भरला की नवा एसएमएस आतच येत नाही, आणि माणूस समजतो बँकेचा सर्व्हर बंद आहे. दर रविवारी जाहिरातीचे संदेश पुसायची सवय लावून घ्या. आणि हो, देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरं मावतात, रोमनमध्ये १६०. त्याहून मोठा मजकूर तुटून दोन-तीन संदेशांचे पैसे लागतात.

रिचार्ज करताना 'डेटा नको, फक्त कॉल आणि एसएमएस' असं स्पष्ट सांगा. ट्राय या दूरसंचार नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये असे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं, आणि एक वर्षापर्यंतच्या मुदतीचेही ते मिळतात. दुकानदार बहुतेक वेळा आपणहून सांगत नाही.

पैशांचं बघू. बटणाच्या फोनवर यूपीआयचे दोन रस्ते आहेत. पहिला *९९#. बँकेत नोंदवलेल्या सिमवरूनच हा आकडा फिरवायचा, इंटरनेट लागत नाही. जिओच्या सिमवर तो चालणार नाही असं धरूनच चाला. पहिल्यांदा भाषा निवडायची, मग बँकेच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरं द्यायची, खातं निवडायचं, डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक आणि कार्डाची मुदत टाकून यूपीआय पिन तयार करायचा. म्हणजे चालू डेबिट कार्ड हाताशी हवंच. नंतर १ दाबून पैसे पाठवणं, ३ दाबून शिल्लक, ६ दाबून झालेले व्यवहार. एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत जातात. या सेवेचं शुल्क ट्रायने २०२२ मध्ये काढून टाकलं.

इथे चूक एकाच ठिकाणी होते. प्रत्येक पडद्याला उत्तर द्यायला थोडे सेकंदच मिळतात, वेळ गेली की सत्र तुटतं. पिन टाकल्यावर तुटलं तर पैसे गेले की नाही कळत नाही, आणि लोक घाईने पुन्हा पाठवतात. तसं करू नका. आधी ३ दाबून शिल्लक बघा, मग ६ दाबून व्यवहार बघा. खात्यातून वजा झाले पण समोरच्याला पोचले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत बँकेने ते आपोआप परत करायचे असतात, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. सुरू करण्याआधी समोरच्याचा नंबर आणि रक्कम कागदावर लिहून ठेवली की वेळ पुरतो.

दुसरा रस्ता यूपीआय १२३पे, मार्च २०२२ मध्ये सुरू झालेला. यात एका नंबरला फोन लावून आवाजी सूचनांप्रमाणे आकडे दाबत जायचं. मर्यादा एका वेळी १०,००० रुपये. तो नंबर इंटरनेटवर शोधू नका, खोटे नंबर पसरवणारे पुष्कळ आहेत. बँकेच्या शाखेतूनच लिहून आणा.

खरं सांगायचं तर रोजच्यासाठी माझी पसंती यूपीआयला नाही. आठवड्याचे पैसे एकदाच एटीएममधून काढा. स्वतःच्या बँकेचे महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात, त्यानंतर प्रत्येकी २३ रुपयांपर्यंत कापतात. दहा-वीसच्या नोटा बँकेतून बंडलाने घ्या, कारण भाजीवाल्याकडे हल्ली सुटे नसतात, क्यूआर कोड असतो. यंत्र असलेल्या दुकानात डेबिट कार्ड नुसतं टेकवून ५,००० पर्यंत पिनशिवाय देता येतं. मोठ्या रकमेला संगणकावरून एनईएफटी करा, ती डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास चालते. नवा लाभार्थी जोडल्यावर बँका काही तास थांबवतात किंवा मर्यादा लावतात. फी भरायच्या शेवटच्या दिवशी नाव जोडायला बसू नका.

चेकबाबत जुनी सवय मोडायला हवी. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक त्याच दिवशी वटतो. 'आज चेक देतो, परवा पैसे भरतो' हे आता जमणार नाही, चेक परत जाईल. ५०,००० च्या वरचा चेक देताना त्याचा क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम बँकेला आधी कळवता येते, तसं कळवाच.

महावितरणला घरगुती वीजबिल रोखीने महिन्याला ५,००० रुपयांपर्यंतच भरता येतं, वरचं चेकने किंवा संगणकावरून. वीज गेल्याची तक्रार एसएमएसने होते: नोपॉवर हा शब्द रोमन लिपीत, मग जागा सोडून १२ अंकी ग्राहक क्रमांक, आणि ९९३०३९९३०३ ला पाठवायचा. गॅस सिलिंडर मिस्ड कॉलवर किंवा आवाजी नोंदणीवर मिळतो. घरी देताना माणूस जो कोड मागतो तो एसएमएसनेच येतो, म्हणून त्या दिवशी फोन घरात ठेवून शेतात जाऊ नका. रेशनला अंगठा लागतो, फोन नाही.

रेल्वेत एक फरक महत्त्वाचा आहे. ऑनलाइन काढलेलं तिकीट वेटिंगवरच राहिलं तर आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरच्या तिकिटाचं तसं नाही. गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते तुम्हालाच रद्द करावं लागतं, नाहीतर पैसे बुडतात. पक्कं तिकीट असेल तर त्याहून बरेच तास आधी. यासाठी खिडकीवरच्या फॉर्मवर मोबाइल नंबर नक्की लिहा. तो दिलेला असेल तर १३९ ला फोन करून तिकीट रद्द करता येतं आणि पैसे नंतर खिडकीवर घेता येतात. पीएनआर, जागा सोडून दहा आकडे, असं १३९ ला पाठवलं की तिकिटाची स्थिती कळते. तत्काळसाठी आता खिडकीवरही ओटीपी विचारतात, तेव्हा रांगेत फोन बरोबर हवा. आगाऊ आरक्षण आता ६० दिवसांचंच आहे. मुंबईत लोकलसाठी पास किंवा एटीव्हीएमचं (स्टेशनवरच्या तिकीट यंत्राचं) स्मार्टकार्ड, पुणे मेट्रोला 'एक पुणे' कार्ड. शिल्लक कार्डावरच असते. एसटीत तर वाहक आहेच. ज्येष्ठांच्या किंवा महिलांच्या सवलतीसाठी छापील आधार कार्ड बरोबर ठेवा.

शेतीत मात्र एक खरी अडचण आहे, ती ई-पीक पाहणी. शेतात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढावा लागतो, तिथे बटणाचा फोन चालत नाही. पण एकाच फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. शेजारच्या शेतकऱ्याबरोबर हंगामाच्या सुरुवातीलाच ठरवून ठेवा, शेवटच्या आठवड्यात ॲप फार रेंगाळतं. तेही राहिलं तर गावासाठी नेमलेल्या सहाय्यकाकडून नोंद होते, त्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याला (आपल्या भाषेत तलाठ्याला) वेळेत गाठा. नोंद चुकली तर ४८ तासांत दुरुस्त होते. नंतर सात-बारा काढून गाव नमुना बारामध्ये पीक दिसतंय का हे डोळ्यांनी बघा, पीक विमा आणि नुकसानभरपाई त्यावरच ठरते. शेतकरी ओळख क्रमांक आणि पीएम किसानची केवायसी सेवा केंद्रात होते. पहिल्याला आधारचा ओटीपी लागतो, दुसऱ्याला अंगठाही चालतो. डिजिटल सहीचा सात-बारा संगणकावरून १५ रुपयांत निघतो.

घरात पेन्शनर असतील तर हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये बँकेत, सेवा केंद्रात किंवा पोस्टमनकडून अंगठ्यावर होतो. बोटं झिजलेली असली तर ठसा उमटत नाही. मग हट्ट न करता बँकेत कागदी फॉर्म भरून द्यावा.

सगळ्यात अवघड जागा व्हॉट्सॲप. शाळेच्या सूचना, सोसायटीच्या नोटिसा, भावकीतलं लग्न, सगळं तिथेच. बटणाच्या फोनवर व्हॉट्सॲप मिळेल असं दुकानदार म्हणाला तर विश्वास ठेवू नका, कायओएस (काही बटणाच्या फोनमधली प्रणाली) असलेल्या फोनवर ते नव्याने घेणं बंद झालं आहे. जुना स्मार्टफोन घरच्या वाय-फायवर ठेवायचा आणि संगणकावर व्हॉट्सॲप उघडायचं ही युक्ती लोक करतात, पण ती तकलादू आहे. मूळ फोन १४ दिवस वापरला नाही तर संगणकावरचं खातं बाहेर पडतं. शिवाय नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने ज्या फोनवर व्हॉट्सॲप आहे त्याच फोनमध्ये सिम असायला हवं असा आदेश काढला आहे. त्यावर विसंबून राहू नका. शाळेला लेखी अर्ज द्या की सूचना एसएमएसने किंवा मुलाच्या डायरीत द्याव्यात. एका पालकाला सांगून ठेवा की परीक्षा आणि सुट्टी या दोनच गोष्टींसाठी फोन करा. घरातल्या एकाच माणसाच्या फोनवर अख्ख्या घराचा भार टाकू नका. तोच माणूस मग सतत स्क्रीनकडे बघत बसतो. आणि मदत म्हणून कुणालाही यूपीआय पिन सांगू नका, पोटच्या मुलालासुद्धा.

गाडी असेल तर परवाना, आरसी, पीयूसी आणि विमा कागदी ठेवा. फास्टॅगची शिल्लक निघण्याआधी संगणकावर बघा: वैध फास्टॅग नसेल तर टोल जास्तीचा लागतो, आणि यूपीआयचा सव्वापट पर्याय तुमच्या हाताशी पटकन येणार नाही.

रस्त्यात अपघात झाला तर ११२ किंवा १०८ ला फोन लागतो, पण साध्या फोनवरून तुमची नेमकी जागा त्यांना आपोआप कळत नाही. तेव्हा महामार्गावर शेवटचा दिसलेला किलोमीटरचा दगड, गाडी कोणत्या गावाकडे तोंड करून आहे, आणि जवळचा फाटा किंवा पेट्रोल पंप, या क्रमाने सांगा. घरातल्या पाच जणांचे नंबर आणि रक्तगट लिहिलेला कागद फोनच्या मागे नको, पाकिटात ठेवा. फोन आणि कागद एकदम हरवले तर त्या कागदाचा उपयोग राहत नाही.