शेक की बर्फ?

प्रिय सोनू,

रविवारी इथून, नेदरलँड्समधून, नाशिकला लावलेल्या व्हिडिओ कॉलवर मावशीचं बाळ बघायचं सोडून तू तिच्या बाजेखालची शेगडीच बघत बसलीस. कॉल संपल्यावर तुझा प्रश्न तयार होता: "मावशीला दुखतंय, तर आजी खालून विस्तव का ठेवते? इथे दुखलं की बर्फ लावतात. मग चुकतंय कोण?" तेव्हा मी अर्धंमुर्धं उत्तर दिलं. पूर्ण उत्तर लांबलचक आहे, म्हणून लिहूनच काढते. तू आता बारा वर्षांची आहेस, तेव्हा काही आडपडदा ठेवत नाही.

बाळंतिणीला एकाच ठिकाणी दुखत नसतं. बाळ जिथून बाहेर येतं तिथली कातडी आणि स्नायू ताणले जातात, कधी फाटतात, कधी डॉक्टरच छोटा छेद घेतात आणि मग टाके घालतात. मावशीला तसे टाके आहेत. ही जखम ताजी असते, सुजते. तिथे पहिले एक-दोन दिवस बर्फच बरा: फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, मग थोडं थांबून परत. नुसता बर्फ कातडीवर ठेवायचा नाही. शेगडीची धग तिथे कामाची नाही, सुजलेल्या जागी चटका बसला तर दुखण्यात दुखणं.

दुसरं दुखणं पोटातलं. बाळ झाल्या झाल्या गर्भाशय साधारण एक किलोचं असतं, आणि सहा आठवड्यांत ते शंभर ग्रॅमच्याही खाली येतं. एवढं आक्रसायचं म्हणजे कळा येणारच. बाळ दूध ओढायला लागलं की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटतं आणि त्याने गर्भाशय आवळतं. म्हणून मावशी पाजायला बसली की तोंड वाकडं करते. बाळावर रागावलेली नसते ती. त्यात हे तिचं दुसरं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा पहिलटकरणीपेक्षा जास्त जाणवतात. यावर मात्र शेक. गरम पाण्याची पिशवी ओटीपोटाला लावली की बरं वाटतं. नऊ महिने ओझं वाहून आंबलेली कंबर, पाठ, मांड्या, त्यांनाही शेकच लागतो. हे चार-पाच दिवस फार असतं, मग ओसरतं.

तेव्हा आजीही बरोबर आणि इथली नर्सही बरोबर. फक्त आजी कमरेची काळजी करतेय आणि नर्स टाक्यांची.

आता शेगडी. नाशिकची थंडी तुला माहीतच नाही, कारण आपण दर वेळी मे महिन्यात जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तिथे पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडकडे तर अजूनच खाली, आणि आपल्या घरांना इथल्यासारखे हीटर नसतात. फरशीवर पाय ठेववत नाही. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत बाळंतिणीला आतली, वारा न लागणारी खोली द्यायचे. तिथे बाज, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग टाकून धुरी, कानाला घट्ट फडकं. त्या थंडीत ही ऊब म्हणजे चैन नव्हती, गरज होती.

पण ती पद्धत फटींच्या, कौलारू घरांतली. आता आजीच्या फ्लॅटला सरकत्या काचांच्या खिडक्या आहेत आणि बंद केल्या की हवा हलत नाही. बंद खोलीत कोळसा धुमसला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस झोपेतच बेशुद्ध पडतं. शिवाय धुरी कितीही औषधी म्हटली तरी चार दिवसांच्या बाळाच्या छातीला तो धूरच. मी आजीला फोन करून हे सांगितलं. "तुम्हा दोघींना मी शेगडीवरच वाढवलंय," हे वाक्य अपेक्षेप्रमाणे आलं. तरी संध्याकाळपर्यंत शेगडी गॅलरीत गेली. आता आजी ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून कंबर शेकते, आणि मावशी म्हणते की हे त्याहून छान आहे.

तेल लावायला ज्या काकू येतात त्यांच्यावर माझा भारी विश्वास आहे. कोमट तिळाच्या तेलाने पाठ, खांदे, पाय चोळतात आणि मग पाठीवर सोसेल तितक्या गरम पाण्याचे तांबे ओततात. रात्रभर मान खाली घालून पाजून खांदे दगड होतात. त्यावर याच्याइतका उतारा मला इथे कुठल्याच स्पामध्ये मिळालेला नाही. दोन पथ्यं मात्र पाळायची. सिझेरियन असेल तर टाके पूर्ण भरेपर्यंत पोटाला हात लावायचा नाही. आणि एकाच पायाची पोटरी सुजली, लाल झाली, दुखायला लागली तर ती अजिबात चोळायची नाही. बाळंतपणानंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो, आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मग काकू नाही, थेट डॉक्टर. पॅड तासाभरात भिजून जाणं, अडतीसच्या वर ताप, घाण वास येणारा स्राव, धाप लागणं, अचानक खूप डोकं दुखणं किंवा डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांतलं काही झालं तर उद्यावर ढकलायचं नाही. हे मी मावशीच्या नवऱ्याला मुद्दाम सांगितलंय, कारण बाळंतीण स्वतः "होईल बरं" म्हणत बसते.

आपल्याकडची एक रीत मला मुळीच पटत नाही: बाळंतिणीला पाणी तोडणं. पोट सुटतं म्हणून घोट-घोट पाणी द्यायचं. त्याने होतं काय, तर शौचाला खडा होतो, आणि टाके असताना कुंथणं म्हणजे काय ते विचारू नकोस. पाजणाऱ्या बाईला तहान जास्तच लागते. ओव्याचं पाणी द्या, जिऱ्याचं द्या, साधं द्या, पण भरपूर द्या. आणि टाक्यांवर लघवी झोंबते त्याला सोपा उपाय आहे: लघवी करतानाच वरून कोमट पाणी ओतत राहायचं. इथे त्यासाठी तोटीची बाटली देतात. आजीच्या बाथरूममध्ये पाणी ओतायचा मग आहेच.

गोळ्यांबद्दलही आजी कुरकुरते, दुधातून बाळाच्या पोटात जाईल म्हणून. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन दुधात अगदी थोडं उतरतं, आणि मावशीच्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिलंय. दुखणं सोसून मेडल मिळत नाही. दात-ओठ खाऊन बसलेल्या बाईला धड पाजताही येत नाही. दूध दाटून छाती दगडासारखी झाली तर बाळाला वरचेवर घ्यायचं आणि पाजून झाल्यावर गार पट्टी ठेवायची. म्हणजे बघ, बर्फ परत आला.

तू झालीस तेव्हा आम्ही आम्स्टेलफेनच्या पहिल्या घरात होतो. हॉस्पिटलमधून लगेच घरी पाठवलं आणि क्रामझोर्गची नर्स दारात हजर. इथे विम्यातून बाळंतिणीला घरी मदत मिळते, साधारण 49 तास, आठ-दहा दिवसांत वाटून. तिने आल्याबरोबर आमच्या पलंगाखाली ठोकळे आहेत ना ते तपासलं, कारण नर्सची कंबर मोडू नये म्हणून पलंग साधारण 80 सेंटिमीटर उंच हवा असा इथला नियम. ती रोज टाके बघायची, गर्भाशय किती खाली गेलं ते पोटावर हात ठेवून मोजायची, तुझं वजन करायची, कपडे धुवायची, आलेल्यांना कॉफी द्यायची आणि बसून राहिलेल्यांना हाकलायची. आजी तेव्हा आली होती. तिला हिचं एक अक्षर कळत नव्हतं, पण दोन दिवस बघून म्हणाली, "हे तर पगारी माहेर झालं."

माझं विचारशील तर शेक, बर्फ, तेल, गोळी या सगळ्यांत जास्त उपयोग बाळंतिणीला कामाला उठू न देण्याचा होतो. आपल्याकडे सव्वा महिना, म्हणजे साधारण 38 दिवस. डॉक्टरांचे सहा आठवडे म्हणजे 42. हिशेब जवळपास एकच. दिवसभर निजूनच राहायचं असं नाही, घरातल्या घरात थोडं चालायलाच हवं, रक्त फिरतं राहतं. पण वाकणं, उचलणं, चार माणसांचा स्वयंपाक, हे नाही. टाक्यांच्या आतले, लघवी रोखून धरायचे स्नायू आहेत ना, तेही हळूहळू आवळायचे-सोडायचे. मावशीला व्यायामाचं ते पान मी पाठवलंय. पोट बांधायचं फडकंही चालतं, कमरेला आधार मिळतो. करकचून बांधलं की मात्र सगळा दाब खाली येतो.

राहिलं खाणं. आजी रोज सकाळी अळिवाची खीर देते, दुपारी डिंकाचा लाडू. डिंक आणि खारीक तुला माहीत आहे. अळीव कधी पाहिलं नाहीस असं तुला वाटेल, पण पाहिलंयस: शाळेत ओल्या कापसावर बिया पेरून तू ती तिखट हिरवी पानं उगवली होतीस आणि पावावर घालून खाल्लीस, तेच. इथे पानं खातात, आपण बिया. त्यांत लोह भरपूर असतं, आणि रक्त गेलेल्या बाईला ते हवंच. नारळाच्या पाण्यात भिजवल्या की बुळबुळीत फुगतात, मग गूळ आणि ओलं खोबरं घालून शिजवायचं. शनिवारी करू. पण त्यासाठी आपल्या किराणा दुकानातलंच अळीव आणायचं, बागकामाच्या दुकानातलं पाकीट नाही. पेरणीच्या बियांना कधीकधी औषध चोळलेलं असतं.

तुझी,
आई