वर्गाचा ब्लॉग सुरू करताना
नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, वर्गाचा ब्लॉग उघडण्यापूर्वी मुलांना वहीत मनसोक्त लिहू द्यावे. माझ्या वर्गातील एका मुलीने आजीच्या जात्याविषयी लिहिलेल्या चार ओळी स्वतः मराठी कळफलकावर टंकित केल्या, तेव्हा ‘त’, हलन्त (पाय मोडण्याची खूण) आणि ‘य’ मिळून ‘त्य’ कसा होतो हे तिला प्रथमच नेमके उमगले. म्हणून मुलांच्या चुका आपण परस्पर दुरुस्त करू नयेत. छायाचित्रे आणि पूर्ण नावे मात्र टाळावीत, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. वर्गात दाखवायचे ‘दीक्षा’ या शासकीय शैक्षणिक ॲपवरील व्हिडिओही आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवावेत. ऐन तासाला रेंज मिळेलच असे नाही.