‘विद्यापीठाकडे लायसन्स आहे’ यावर थांबू नका (कॉलेजच्या जॅझ बँडचा अल्बम)

तुमची पोस्ट वाचली. अमेरिकेच्या मिडवेस्टातलं विद्यापीठ, सतरा जणांचा बिग बँड (मोठा जॅझ वाद्यवृंद), मार्चमध्ये दोन दिवस स्टुडिओ, आठ रचना, त्यात तुम्ही स्वतः बसवलेला एक मराठी अभंग आणि पाचशे सीडी. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय, ‘विद्यापीठाचं ऑफिस म्हणतं विद्यापीठाकडे म्युझिक लायसन्स आहे, वेगळं काही लागणार नाही.’ केवळ त्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. सराव, बजेट, स्टुडिओ कसा निवडायचा हे तुमचे डायरेक्टर बघतीलच.

आधीच सांगतो, मी वकील नाही. एमएस करताना अशाच एका बँडमध्ये बास ट्रॉम्बोन वाजवायचो आणि आमच्या अल्बमच्या कागदपत्रांचं काम माझ्याकडे होतं. नियम बदलत असतात, त्यामुळे खात्री करूनच पुढे जा.

विद्यापीठाकडे असतो तो सार्वजनिक सादरीकरणाचा परवाना. ॲस्कॅप, बीएमआय वगैरे, संगीतकारांच्या वतीने सादरीकरणाचं मानधन गोळा करणाऱ्या संस्थांशी वार्षिक करार असतो, त्यात हॉलमधला कार्यक्रम बसतो, बास्केटबॉलच्या सामन्यात बँड वाजवतो तेही बसतं. रेकॉर्ड करून प्रती काढणं हा वेगळा हक्क आहे. त्याला मेकॅनिकल लायसन्स लागतं आणि ते या संस्था देत नाहीत. सीडी विकल्या काय किंवा आईवडिलांना फुकट वाटल्या काय, लायसन्स लागतंच.

आम्हालाही ऑफिसने हेच सांगितलं होतं, तेही लेखी. डायरेक्टरांनी रेकॉर्डिंगच्या कितीतरी आधी ईमेल करून विचारलं, एका ओळीचं उत्तर आलं: वार्षिक लायसन्समध्ये सगळं येतं. रेकॉर्डिंग झालं, मिक्सिंग झालं, कव्हर छापायला तयार झालं आणि सीडी बनवणाऱ्या कारखान्याचा फॉर्म आला. प्रत्येक ट्रॅकपुढे रचनेचं नाव, संगीतकार, प्रकाशक, लांबी आणि शेवटच्या रकान्यात लायसन्स क्रमांक. तो रकाना वरपासून खालपर्यंत रिकामा! कारखान्याने काम थांबवलं, आणि बरोबरच केलं.

मग ऑफिस म्हणालं, हा संगीत विभागाचा प्रश्न आहे. विभाग म्हणाला, करारावर सही करायचा अधिकार फक्त ऑफिसला आहे. दोघांचंही आपापल्या जागी खरं होतं, म्हणून कोणीच हललं नाही. उन्हाळ्यात ऑफिसमधली व्यक्ती बदलली आणि फाइल पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाली. तोवर निम्मा सॅक्सोफोन सेक्शन पदवी घेऊन पांगला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण आमच्यातल्या एका मुलीने दोन जुनी गाणी एकमेकांत विणून एक संयोजन केलं होतं, अल्बममधलं सगळ्यात सुंदर काम. त्यासाठी प्रकाशकाची, म्हणजे त्या गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या कंपनीची, खास परवानगी हवी होती. प्रकाशक चांगले होते, त्यांनी फक्त विद्यापीठाच्या लेटरहेडवर विनंतीपत्र मागितलं. ऑफिसचं म्हणणं, आधी कराराचा मसुदा दाखवा, मग लेटरहेड. प्रकाशक म्हणे, आधी पत्र, मग मसुदा. शेवटी उत्तर नाही म्हणून प्रकाशकांनी विनंती बंद केली. अल्बम तो ट्रॅक वगळून निघाला. इतकी वर्षं झाली तरी मला त्याचा राग येतो. एका पत्रावरच्या एका सहीचा प्रश्न होता, आणि ज्यांचं कामच ते होतं त्यांनी ती केली नाही.

पैशांचं म्हणाल तर रक्कम फार नाही. आधी प्रसिद्ध झालेल्या रचनेसाठी अमेरिकेत सक्तीच्या परवान्याची सोय आहे, म्हणजे हक्कांचा मालक नाही म्हणू शकत नाही. २०२५ चा दर पाच मिनिटांपर्यंत प्रतीमागे १२.७ सेंट, त्याहून लांब असेल तर मिनिटाला २.४५ सेंट होता, आणि अपुरं मिनिट पूर्ण धरतात. जॅझमध्ये सोलो (एकेकट्याचं वादन) लांबतात, म्हणून हे लक्षात ठेवा. ७ मिनिटं २० सेकंदांचा ट्रॅक आठ मिनिटांचा मोजला जातो, म्हणजे त्या दराने १९.६ सेंट, पाचशे प्रतींचे ९८ डॉलर. दर आता दरवर्षी महागाईप्रमाणे बदलतो, चालू वर्षाचा बघून घ्या. मालकाला परवान्याची नोटीस प्रती बनवण्याआधी किंवा बनवल्यापासून ३० दिवसांत जायला हवी, आणि काहीही झालं तरी वाटप सुरू करण्याआधी. आमच्या वेळी छोट्या संख्येसाठी हॅरी फॉक्स एजन्सी या परवाने देणाऱ्या संस्थेच्या साँगफाइल या ऑनलाइन सेवेवरून हे काम घरबसल्या व्हायचं. नुसत्या स्ट्रीमिंगसाठी मात्र २०२१ पासून स्ट्रीमिंग कंपन्याच एकत्रित परवाना घेतात, ती डोकेदुखी तुमची नाही.

सक्तीच्या परवान्यात गाणं आपल्या शैलीत बसवायची मुभा आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचा मूळ स्वभाव बदलायची नाही. त्यापलीकडे गेलात की मालकाची परवानगी लागते. आमचा ट्रॅक इथेच अडकला होता.

आता तुमचा अभंग. शब्द तुकोबांचे आहेत म्हणून निर्धास्त राहू नका. चाल कोणाची? वारकरी परंपरेतली जुनी चाल असेल तर उत्तम. पण आपण रेडिओवर ऐकलेल्या बहुतेक चाली विसाव्या शतकातल्या संगीतकारांच्या आहेत, आणि भारतात अशा रचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. अमेरिकेत मुदतीचं गणित आणखी वेगळं. अमेरिकेतला सक्तीचा परवाना मिळायलाही ती रचना तिथे मालकाच्या संमतीने वितरित झालेली असावी लागते. माझं स्पष्ट मत: चाल कुणा संगीतकाराची असेल तर आजच पत्रव्यवहार सुरू करा, आणि फेब्रुवारीपर्यंत उत्तर नाही आलं तर तो अभंग मैफलीत वाजवा, अल्बममध्ये दुसरं काही घ्या. किंवा तेच शब्द घेऊन चाल स्वतः बांधा. मी तर हेच केलं असतं.

स्टुडिओत कोणीतरी व्हिडिओ काढणारच. गाण्यावर चित्र जोडायची परवानगी आणखी वेगळी असते आणि तिथे सक्तीचा परवाना चालत नाही. ऑनलाइन टाकण्याआधी विचारा.

विषय निघालाच आहे तर रेकॉर्डिंगबद्दल थोडं. लीड ट्रम्पेटला उंच स्वर लागणाऱ्या रचना पहिल्या दिवशी सकाळी, वॉर्मअप झाला की लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ओठ थकलेले असतात, तेव्हासाठी बॅलड (संथ रचना) ठेवा. पियानो दोन्ही दिवशी सकाळी ट्यून करून घ्या. डबल बासला वेगळी खोली द्या, पण ड्रमरचे हात त्याला काचेतून दिसले पाहिजेत. सोलो नंतर वेगळे भरायचा आग्रह कोणी धरला तर विरोध करा. मागचा बँड सोलोला ऐकून वाजवत असतो, ते नंतर जुळवता येत नाही. यावर इंजिनिअर मंडळींचं मत वेगळं असू शकतं.

तुम्ही एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर अल्बमच्या विक्रीतला वाटा किंवा मानधन स्वीकारण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारा. रक्कम छोटी असली तरी ते अनधिकृत काम ठरू शकतं.

लायसन्स कुणाही विद्यार्थ्याच्या नावावर घेऊ नका. विभागाच्या नावावर घ्या, संपर्क म्हणून डायरेक्टरांचं नाव द्या, कारण तुम्ही मे महिन्यात निघून जाल आणि हिशेबाची पत्रं पुढेही येत राहतील. ऑफिसला या आठवड्यात एकच प्रश्न पाठवा: ‘आमच्या वार्षिक करारातल्या कुठल्या कलमात प्रती काढायचा हक्क आहे, त्या कलमाचा क्रमांक कळवा.’ क्रमांक नाही आला तर डायरेक्टरांना घेऊन थेट डीनकडे जा, आणि प्रकाशकांना लागणाऱ्या पत्रांवर त्याच भेटीत सह्या घ्या.