विहिरीच्या काळ्या मातीत दिसणाऱ्या तिरप्या, चकचकीत खुणा जुन्या भूकंपाच्या असतात का?

आपण विचारले आहे की, अकोट तालुक्यातील आपल्या शेतात विहीर खोदताना काळ्या मातीत तिरपे, गुळगुळीत आणि चमकणारे पृष्ठभाग दिसले, तर तेथे पूर्वी भूकंप झाला होता का आणि तो किती मोठा असावा. केवळ त्या खुणांवरून यातले काहीही सांगता येत नाही, आणि जो छातीठोकपणे सांगतो त्याने आपल्या भागातील भारी जमीन नीट पाहिलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंजनगाव सुर्जीकडील आमच्या शेतात विहीर खोदली तेव्हा नेमका हाच प्रकार घडला. तीन-चार फुटांखाली माती फोडली की हाताला तेलकट लागावेत असे पृष्ठभाग उघडे पडत होते. माझे धाकटे काका खाली उतरले, त्यांनी एका पृष्ठभागावरून हात फिरवला आणि वर येऊन जमलेल्या मंडळींना सांगितले, "इथं जमीन सरकली हाये." पुढे भूजलाच्या कामासाठी आलेल्या एका तंत्रज्ञाने विहिरीत न उतरताच मान डोलावली, आणि आमच्या शेताखालून भ्रंश, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासून सरकते अशी भेग, जातो ही गोष्ट गावभर झाली. त्या उन्हाळ्यात शेजारच्या शेताचा ठरलेला सौदा मोडला. त्या शेजाऱ्यांना मुलीच्या लग्नासाठी त्या पैशांची गरज होती, आणि तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी पुस्तकी राहिलेला नाही.

मी कृषी पदवीला मृदशास्त्र शिकलो होतो, म्हणून गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन विहिरीत उतरलो. काळ्या मातीखाली चुनखडीच्या खड्यांचा एक पट्टा होता आणि त्याखाली पिवळसर गाळ. पट्ट्याची उंची मी विहिरीच्या चारही बाजूंना नळीने पडताळली, तर ती सर्वत्र सारखी भरली. चमकणारे पृष्ठभाग मात्र कुठे पूर्वेकडे, कुठे दक्षिणेकडे कलले होते, हातभर अंतरावर संपत होते, आणि त्यांतील एकही खालच्या गाळात उतरत नव्हता. भ्रंश असा वागत नाही. तो एका दिशेने सलग जातो, वाटेतील सगळे थर कापतो आणि एकच थर दोन बाजूंना दोन उंचीवर आणून ठेवतो.

मग ती चकाकी येते कोठून? आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. भेगांत वरची माती पडते, पुढच्या पावसात फुगायला जागा उरत नाही, आणि दाबाखाली मातीचे ढेकूळ एकमेकांवर तिरपे घसरून त्यांना झिलई येते. मृदशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवली जाणारी ही गोष्ट आहे. मी ती काकांना अनेकदा समजावली, तरी त्यांनी ती आजवर मानलेली नाही.

जुन्या भूकंपांचा शोध घेणारे अभ्यासक आधी भूरूप, म्हणजे जमिनीचा आकार, पाहतात आणि मग माती. सातपुड्याच्या पायथ्याशी नाल्यांनी आणून टाकलेल्या गोट्या-वाळूचे पंख्यासारखे उतार पसरलेले असतात. अशा उताराला आडवी, पाण्याच्या प्रवाहाने समजावून न सांगता येणारी पायरी दिसली, तर संशयाला आधार मिळतो. ताप्ती भ्रंशावर हेच घडले. अशा जलोढ पंख्यांचे पृष्ठभाग तुटून वर-खाली झालेले आढळले आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गेल्या सुमारे 11,700 वर्षांत तेथे 7.6 ते 8.4 तीव्रतेचा किमान एक भूकंप झाला असावा, असा निष्कर्ष निघाला. आपल्याकडे भूकंप होतच नाहीत असे समजणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. गाविलगड भ्रंश आपल्या डोंगरांच्या पायथ्यालाच आहे.

पायरी सापडली की तिला काटकोनात चर खणतात. भूकंपाने उभी राहिलेली कड ढासळते, तिची माती पायथ्याशी पाचरीच्या आकारात साचते, आणि जुनी जमीन तिच्याखाली गाडली जाते. त्या गाडलेल्या मातीतील कोळशाचे कार्बन पद्धतीने, किंवा वाळूच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले याचे प्रकाशदीप्ती पद्धतीने वय काढतात. तुटलेला थर भूकंपापूर्वीचा आणि त्यावरचा न तुटलेला थर नंतरचा, म्हणून भूकंप त्या दोन वयांच्या मधला. कॅलिफोर्नियातील पॅलेट क्रीक येथे भूशास्त्रज्ञ केरी सीह यांनी दलदलीच्या थरांवरून सान अँड्रियास भ्रंशावरील एकामागून एक भूकंप याच रीतीने उलगडले, आणि त्यांचे ते काम 1978 मध्ये प्रसिद्ध झाले.

तीव्रतेचा अंदाज भ्रंश किती लांब फुटला आणि जमीन किती सरकली यांवरून बांधतात. एका विहिरीत यांपैकी लांबी कधीच कळत नाही.

काही मर्यादाही सांगायला हव्यात. काळी माती वर्षानुवर्षे स्वतःला उलथत राहते, त्यामुळे खरी तुटलेली खूण असली तरी ती वरच्या काही फुटांत पुसली गेलेली असू शकते; म्हणून आमच्या विहिरीत काही आढळले नाही याचा अर्थ परिसर भूकंपमुक्त आहे असा होत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाने हजारो माणसे गेली, पण जमिनीवर उमटलेल्या खुणा लहान आणि तुटक होत्या. 2001 च्या भूजच्या भूकंपात तर मुख्य भ्रंश जमिनीपर्यंत स्पष्टपणे फुटलाच नाही. चुनखडीच्या खड्यांच्या वयावरही फार विसंबू नये, कारण चुना दीर्घकाळ साचत राहतो.

आपण विहिरीचे बांधकाम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टी लावून काढून ठेवावीत, कारण एकदा दगड-सिमेंट लागले की तो छेद कायमचा झाकला जातो. चुनखडीचा, वाळूचा किंवा गोट्यांचा एखादा ओळखू येणारा थर निवडून त्याची उंची नळीने तपासावी. त्यात सलग, एकाच रेषेवर तुटलेला फरक आढळला, तर ती छायाचित्रे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागाला जरूर दाखवावीत. आणि गावात कोणी नुसत्या चकाकीवरून भ्रंश जाहीर केला, तर एकच थर दोन उंचींवर दाखवण्याची मागणी त्याच्याकडे चारचौघांत करावी, तीही शेतांचे सौदे मोडण्याआधी.